ठमीची वाटी लवकर रिकामी का होते?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी मांजर आहे? आणि त्या मांजराची पाण्याची वाटी रोज कोण भरतं? आई, आजी की तुम्ही स्वतः? जो कोणी भरत असेल, त्याने आजची ही गोष्ट नीट वाचायची बरं का! कारण मांजराचा एक मोठा आजार सगळ्यांत आधी डॉक्टरांना कळत नाही, घरातल्या मोठ्या माणसांनाही कळत नाही. तो कळतो वाटी भरणाऱ्याला.

माझी बहीण डोंबिवलीला राहते. तिच्याकडे ठमी नावाची मांजर होती. पांढरी, पाठीवर करडे ठिपके आणि शेपटीचं टोक काळं. वय वर्षं तेरा, म्हणजे मांजरांच्या हिशेबात चांगली आजीबाई. तीन-चार वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाचीची नुकतीच पाचवीची परीक्षा संपली होती. एके दिवशी ती मला म्हणाली, "मामा, ठमी हल्ली खूप पाणी पिते. वाटी दिवसातून दोनदा भरावी लागते."

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढताच हसलो. "अगं, उन्हाळा किती आहे बघ! तूसुद्धा माठ रिकामा करतेस की!"

झालं, विषय तिथंच संपला. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

भाचीचा प्रयोग

जुलैत धो धो पाऊस सुरू झाला. हवेत गारवा आला, पण ठमीची वाटी काही भरलेली राहीना. आता उन्हाळ्याचं निमित्त चालण्यासारखं नव्हतं. मग भाचीने काय केलं असेल, सांगा पाहू?

तिने स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेतलं. रोज सकाळी सात वाजता वाटीत मोजून ५०० मिलिलिटर पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता उरलेलं मोजायचं. पण थोडं पाणी हवेतही उडून जातं ना? म्हणून तिने तस्शीच दुसरी वाटी भरून फडताळाच्या वर ठेवली, जिथे ठमी पोचणार नाही. त्या वाटीतलं जेवढं पाणी कमी होईल, तेवढं ठमीच्या हिशेबातून वजा करायचं. आहे की नाही हुशार?

आठवडाभराची सरासरी निघाली ३५० मिलिलिटर. मग ठमीचं वजन करायचं ठरलं. काट्यावर मांजर स्वस्थ बसते थोडीच! म्हणून भाची आधी एकटी काट्यावर उभी राहिली, मग ठमीला कडेवर घेऊन. दोन आकड्यांची वजाबाकी केली, उत्तर आलं ३ किलो ४०० ग्रॅम. आदल्या वर्षी लस टोचायला नेली, तेव्हाच्या कार्डावर लिहिलं होतं ४ किलो २०० ग्रॅम.

म्हणजे पाणी वाढलं होतं आणि वजन घटलं होतं. वहीचं ते पान घेऊन भाची, तिची आई आणि पिंजऱ्यात बसून ओरडणारी ठमी, अशी वरात जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी आधी वही वाचली आणि मग ठमीकडे वळले. "मांजराने किलोमागे रोज १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी प्यायला सुरुवात केली, की आम्ही कान टवकारतो," ते म्हणाले. आता तुम्हीच भागाकार करा. ३५० भागिले ३.४. किती आलं?

वाळवंटातल्या पूर्वजांचं देणं

आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. पाणी कमी असलेल्या कोरड्या मुलुखात राहणारी. शिकारीच्या मांसातून मिळणाऱ्या ओलाव्यावर त्यांचं बरंचसं भागायचं. एकेक थेंब वाचवायचा, तर लघवी अगदी दाट करायला हवी. हे काम करतात पोटात पाठीच्या कण्याजवळ असलेली दोन मूत्रपिंडं, म्हणजेच किडन्या.

मूत्रपिंडात अतिशय बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या साधारण दहा लाख असतात, मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे दोन लाख. रक्त त्यांतून गाळलं जातं, कचरा लघवीवाटे बाहेर पडतो आणि कामाचं पाणी पुन्हा शरीरात घेतलं जातं.

वय वाढलं की यांतल्या काही गाळण्या कायमच्या बंद पडू लागतात. नव्या काही तयार होत नाहीत. असं होत राहिलं की मूत्रपिंडाचा जुनाट आजार होतो. म्हाताऱ्या मांजरांत तो फार दिसतो. पंधरा वर्षांपुढच्या मांजरांत तर साधारण तिनातल्या एकीला तो असतो, असं डॉक्टर सांगतात.

"पण मांजर जास्त पाणी पिते म्हणजे तिची मूत्रपिंडं जोरात काम करत असणार," असं कुणाला वाटेल. खरं तर उलट असतं! लघवी दाट करायची ताकद गेली, म्हणून पातळ लघवी भरपूर होते. शरीरातलं पाणी निघून जातं आणि ते भरून काढायला बिचारी मांजर सारखी पाणी पिते. वाळूचा ट्रे साफ करणाऱ्यालाही हे कळतं. ट्रेमधली ओली ढेकळं मोठी व्हायला लागतात.

चाळीस मुलांचा वर्ग

तुम्ही म्हणाल, आजार एवढा मोठा, मग आधी कसा कळत नाही? त्यासाठी एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. वर्गात चाळीस मुलं आहेत आणि सगळ्यांनी मिळून रोज वर्ग झाडायचा आहे. एक दिवस दहा मुलं गैरहजर राहिली. बाकीच्यांनी जरा जास्त हात चालवले, वर्ग स्वच्छ. बाईंना पत्ताच नाही. आणखी दहा गेली, तरी वीसजणांनी कसंबसं निभावलं. पण हजर मुलं तेरा-चौदाच उरली, की कोपऱ्यात धूळ दिसू लागते. आणि दहाच उरली, की थेट मुख्याध्यापक येऊन विचारतात, "हे काय चाललंय?"

मूत्रपिंडाचं अगदी असंच असतं. साधारण दोन तृतीयांश गाळण्या बंद पडल्या, की लघवी पातळ होते. ही झाली कोपऱ्यातली धूळ. तीन चतुर्थांश बंद पडल्या, की रक्तात कचरा साठल्याचं तपासणीत ठळक दिसतं. हे झाले मुख्याध्यापक! त्यातून मांजर आपलं दुखणं लपवण्यात पटाईत. रानात दुबळेपणा दाखवला तर दुसरा प्राणी हल्ला करील ना! त्यामुळे ती शांतपणे कोपऱ्यात बसते आणि आपण म्हणतो, "म्हातारी झाली हो, झोपते आपली."

डॉक्टर काय काय बघतात?

डॉक्टरांनी ठमीचं पोट हळूच दाबून पाहिलं. मूत्रपिंडं बोटांना लहान आणि खडबडीत लागली. तोंडाला वास येत होता, अंगावरचे केस विस्कटलेले होते. मग रक्त आणि लघवी तपासायला घेतली.

लघवीचा एकच थेंब एका छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या काचेवर टाकतात आणि उजेडाकडे धरून आकडा वाचतात. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००. निरोगी मांजराच्या दाट लघवीचा आकडा सहसा १.०३५ च्या वर असतो. ठमीचा आला १.०१४.

रक्तात बघायचं असतं क्रिएटिनीन. हा स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात, म्हणून तो साठला की काम मंदावलं असं समजायचं. यात एक गोम आहे. मांजर फार वाळली असेल तर तिचे स्नायूच कमी, म्हणून कचराही कमी आणि आकडा फसवा! अशा वेळी एसडीएमए नावाची आणखी एक तपासणी उपयोगी पडते. ती स्नायूंवर अवलंबून नसते आणि बऱ्याचदा दुखणं लवकर दाखवते.

१९९८ साली जगातल्या काही पशुवैद्यांनी मिळून 'आयरिस' नावाची संस्था सुरू केली. तिने या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. मांजराचं क्रिएटिनीन १.६ पेक्षा कमी असताना इतर खुणांवरून आजार कळला, तर पहिली पायरी. १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या पुढे चौथी. ठमीचा आकडा ३.२, म्हणजे पायरी तिसरी.

पण डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. अंगातलं पाणी कमी झालं तरी हा आकडा तात्पुरता वाढतो. शिवाय मधुमेहात आणि गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या आजारातही मांजर खूप पाणी पिते. म्हणून ते आजार आहेत का ते पाहिलं, सोनोग्राफी केली आणि तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा जवळपास तोच आला.

आणि हो, ठमीचं ब्लडप्रेशरसुद्धा मोजलं! बाहुलीच्या मापाचा पट्टा पुढच्या पायाला बांधून. आधी दहा मिनिटं खोलीत सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण घाबरलेल्या मांजराचा आकडा उगाच चढतो. वरचा आकडा १४० च्या आत असावा, ठमीचा निघाला १७०. वाढलेल्या दाबाने मांजराच्या डोळ्यामागचा पडदा सुटून ती एकाएकी आंधळी होऊ शकते. म्हणून ठमीला रोज एका गोळीचा इवलासा तुकडा सुरू झाला.

बाहेर येताना भाचीने विचारलं, "डॉक्टरकाका, ठमी बरी होईल ना?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "बाळ, गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. पण उरलेल्यांवरचा भार आपण कमी करू शकतो. ते नीट केलं, तर ती पुष्कळ दिवस मजेत राहील. आणि ते काम माझ्यापेक्षा तुझं जास्त आहे."

त्या रात्री बहिणीने मला फोन करून सगळं सांगितलं. मला मे महिन्यातलं माझं हसणं आठवलं. मोठी माणसं पुष्कळदा ऐकून घेत नाहीत, मित्रांनो. मीही ऐकलं नव्हतं.

बडीची गोष्ट

पहिलं औषध म्हणजे जेवण. मूत्रपिंडं थकली की फॉस्फरस नावाचं द्रव्य रक्तात साठतं आणि मूत्रपिंडांचं आणखी नुकसान करतं. म्हणून खाण्यात फॉस्फरस कमी हवा आणि प्रथिनं बेताची, पण चांगल्या प्रतीची हवीत.

ही युक्ती कशी रुजली, त्याची गोष्ट मोठी छान आहे. १९३९ साली अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचे एक अंध गृहस्थ होते. त्यांना रस्ता दाखवणाऱ्या कुत्र्याचं नाव बडी. या बडीची मूत्रपिंडं बिघडली. मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्यांनी त्याच्यासाठी मुद्दाम वेगळं अन्न तयार केलं आणि बडी सुधारला! फ्रँक गावोगाव हिंडत असत, म्हणून हे अन्न काचेच्या बरण्यांत भरून पाठवावं लागे. बरण्या वाटेत फुटत. मग मॉरिस ते पत्र्याच्या डब्यांत भरू लागले. १९४८ मध्ये ते कारखान्यात तयार होऊ लागलं. आज मांजरांसाठीही असं खास अन्न मिळतं.

ठमीने मात्र पहिल्या दिवशी ते नुसतं हुंगलं आणि पंजाने माती लोटल्यासारखं केलं! म्हणून जुन्या खाण्यात चमचाभर नवं, मग दोन चमचे, असं करत बदलायला चार आठवडे लागले. उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नाही. मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही, तर तिच्या यकृतावर चरबी चढून ती गंभीर आजारी पडते. "तिने काहीच न खाण्यापेक्षा जुनं खाल्लेलं बरं," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि एक, मांजर पक्की मांसाहारी. दूधभातावर तिची गरज भागत नाही.

घरातल्या सगळ्यांची ड्युटी

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामं वाटली गेली. भाचीकडे पाणी. एका वाटीच्या चार झाल्या, एक गॅलरीत, एक पलंगाखाली, दोन दोन टोकांना. आजारी मांजराचं पाणी कधीच तोडायचं नाही, हे लक्षात ठेवा. बाबांकडे गोळीचा तुकडा, आईकडे जेवण, दर रविवारी वजन आणि वहीत नोंद.

आजीकडे सर्वांत अवघड काम होतं, सलाईन! दिवसाआड १०० मिलिलिटर, तेही शिरेत नाही तर मानेमागच्या सैल कातडीखाली. डॉक्टरांनी हे दवाखान्यात दोनदा शिकवलं होतं. आजी आधी पिशवी गरम पाण्यात धरून कोमट करायची, मग ठमीला मांडीवर घेऊन गप्पा मारत सुई टोचायची. ठमीच्या पाठीवर उंटासारखं मदार दिसायचं आणि काही तासांत जिरून जायचं. हे प्रत्येक मांजराला लागत नाही, जास्त झालं तर अपायही होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी करू नये.

पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. या सगळ्याला खर्च येतो. आपल्याला किती झेपेल, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. सगळं जमलं नाही, तरी पाणी, ओलसर जेवण आणि वेळच्या वेळी वजन एवढ्याने सुरुवात होतेच. तालुक्यांच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकराबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे.

जपानमधलं संशोधन

मांजरांनाच हा आजार इतका का होतो? जपानचे शास्त्रज्ञ तोरू मियाझाकी यांनी २०१६ साली याचं एक कारण मांडलं. रक्तात एआयएम नावाचं प्रथिन असतं. मूत्रपिंडाच्या नळ्यांत मेलेल्या पेशी साचतात, त्यांची साफसफाई व्हायला ते मदत करतं. मांजरांत मात्र ते दुसऱ्या एका मोठ्या प्रथिनाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं, की वेळेला सुटून कामावर येतच नाही! करोनाच्या काळात या संशोधनाचा पैसा आटला. २०२१ मध्ये ही बातमी छापून आली आणि जपानमधल्या मांजरप्रेमींनी हजारोंच्या संख्येने देणग्या पाठवल्या.

वहीचं शेवटचं पान

ठमीचं पुढे काय झालं? दोन महिन्यांत तिचं वजन ३ किलो ७०० ग्रॅमवर आलं. ती पुन्हा खिडकीत बसून कबुतरांवर दात कटकटवू लागली. आजीच्या लोकरीच्या गुंड्यांची वाट लावू लागली. आजार कळल्यानंतर ती दोन वर्षं चार महिने जगली, आणि त्यातले बहुतेक दिवस छान होते. शेवटचे पंधरा दिवस मात्र ती खाईना. डॉक्टर म्हणाले, आता तिला त्रास होतोय. एका दुपारी ती आजीच्या मांडीवरच गेली.

मी भेटायला गेलो, तेव्हा भाचीने मला वही दाखवली. शेवटच्या पानावर वजनाच्या आकड्याखाली लिहिलं होतं, 'आज पाणी प्यायली नाही.' मी म्हणालो, "मे महिन्यात मी तुझं ऐकायला हवं होतं गं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, जुलैत तरी सगळ्यांनी ऐकलं ना. नाहीतर ही वही एवढी जाड झाली नसती."

आता ती नववीत आहे. शेजारच्या काकूंच्या बोक्याचं वजन दर महिन्याला तीच करते!

ध्यानात ठेवा

* मांजर जास्त पाणी पिऊ लागली, लघवी वाढली, वाळत चालली, उलट्या करू लागली, तर थांबू नका. घरात सांगा. ऐकलं नाही तर मोजून दाखवा.
* सात-आठ वर्षांपुढच्या मांजराची वर्षातून एकदा, म्हाताऱ्या मांजराची दोनदा तपासणी करून घ्या.
* मांजराला माणसाची औषधं कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. इतर वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.
* पुष्पगुच्छांत येणारी मोठी सुवासिक लिली आणि बागेतली डे-लिली मांजराला विषारी असते. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा! मांजर असलेल्या घरात ही फुलं नकोतच. तोंडात गेल्याचा संशय आला, तरी त्याच क्षणी डॉक्टर गाठा.
* सूप किंवा मांस उकळलेलं पाणी द्यायचं झालं, तर त्यात मीठ, कांदा, लसूण नको.

चला तर मग, मापाचं भांडं कुठे आहे? आज वाटीत किती पाणी घातलं, ते लिहून ठेवा पाहू!